कर्ज देणारा घरच्या चौकशा का करतो?

धुळ्याच्या देवपुरात राहणारे आमच्या परिचयाचे एक शिक्षक गेल्या उन्हाळ्यात घरावर मजला चढवण्यासाठी कर्ज काढावे म्हणून एका बँकेत गेले. जागा वडिलांची, वडील जाऊन सहा वर्षे झालेली. अर्जाचे कागद बगलेत मारून ते परत आले, ते तावातावानेच. म्हणाले, "मजला मी बांधणार, पगार माझा, फेडणार मी, आणि तो काल लागलेला पोरगा मला विचारतो, सर, तुम्हाला बहिणी किती? वहिनी कमावतात का? मुले कितवीत आहेत? घरात आणखी कोण राहते? कोणाला जामीन राहिला आहात का? अहो, मी कर्ज मागायला गेलो होतो की सोयरीक जुळवायला?" आणि संताप मराठीत मावेना तेव्हा ते अहिराणीवर आले : "मना घरनी पंचाईत त्याले कसाले जोयजे?"

प्रश्न रास्त आहे. घर तारण ठेवले, त्याची किंमत कर्जाहून अधिक आहे, मग देणाऱ्याने विटा मोजाव्यात, माणसे का मोजावीत? आजच्या व्याख्यानात आम्ही याच प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहोत. परक्याने घरातले विचारले की आपल्याला संशय येतो, आणि या संशयाला आमच्या खानदेशात इतिहासही आहे. १८५२ साली सरकारी जमीन-मोजणीचे लोक आले, तेव्हा सावदा, एरंडोल या भागांत लोक हजारोंनी जमले आणि मोजणी बंद पाडायला निघाले. मोजमाप घेतो तो पुढे सारा वाढवतो, अशी त्यांची धास्ती होती. ती अगदीच खुळी होती असे आम्ही म्हणणार नाही.

पण ज्याने काहीच विचारले नाही, तो देणारा कसा होता, हेही पाहिले पाहिजे. गावचा सावकार अर्ज भरून घेत नसे. त्याला विचारण्याची गरजच नव्हती. कोणाच्या विहिरीला पाणी किती, कोणाची पोर लग्नाची झाली, कोणाचा कापूस यंदा बोंडअळीने खाल्ला, कोणत्या दोन भावांत तंटा आहे, हे सारे त्याला ओट्यावर बसल्या बसल्या कळत असे. म्हणजे घरच्या चौकशा तेव्हाही होत्याच. फक्त त्या तुमच्यासमोर होत नसत, आणि वहीत काय उतरले ते तुम्हाला वाचता येत नसे. दुसरा फरक याहून मोठा. बँकेला आपले पैसे व्याजासकट परत हवे असतात. घर ताब्यात घेऊन ते लिलावात काढणे ही तिच्या दृष्टीने कटकट असते. पुष्कळ सावकारांचे गणित उलट होते. कर्ज फिटले नाही तर जमीन मिळणार, आणि जमीन कर्जाहून मोलाची. अशा धनकोला ऋणकोची फेडण्याची ताकद किती आहे हे जाणून घेण्याची निकड कशाला वाटेल? ताकद कमी असली तर बरेच. जुन्या खतांत 'गहाणलहाण' नावाचा एक प्रकार असे : अमुक मुदतीत पैसे आले नाहीत तर हे गहाणच खरेदी समजावे. हा शब्द आता वापरातून गेला, पण त्याने गेलेल्या जमिनी परत आल्या नाहीत.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरवशावर कर्जे सढळ हाताने दिली-घेतली गेली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे राहिली. त्यात जमाबंदीने जमिनीला विकण्या-गहाण ठेवण्याजोगे मोल आले होते. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि पुणे-नगर भागात दंगे पसरले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे काढून जाळले गेले. (याच १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हे या व्यासपीठावरून सांगताना आम्हाला थोडी गंमत वाटते.) दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. पुढे इतरत्रही पसरला. त्यातील मुख्य तरतूद आजच्या विषयाच्या मुळाशी जाणारी आहे. न्यायाधीशाने नुसत्या रोख्यावरचा आकडा पाहून हुकूमनामा देऊ नये. पहिले कर्ज केव्हा, कशासाठी, किती रोख हातात पडले, व्याज किती चढवले, हा सगळा इतिहास दोन्ही पक्षांना विचारून काढावा. म्हणजे देणाऱ्याने देताना जे विचारले नाही, ते न्यायालयाने मागाहून विचारावे. रानडे पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश झाले.

इथवर नीतीचा भाग झाला. आता कायद्याकडे वळू. आमच्या शिक्षकमित्राला सर्वांत झोंबलेले प्रश्न त्या तरुण अधिकाऱ्याने कल्पनेने काढलेले नव्हते. त्यांतील एकेका प्रश्नामागे कोणा ना कोणा धनकोचे बुडालेले पैसे आहेत.

'कर्ज कशासाठी हवे?' हा पहिला प्रश्न घ्या. हिंदू एकत्र कुटुंबात कर्ता सगळ्यांच्या मालमत्तेवर कर्ज काढतो. पण त्याला ते मन मानेल तसे काढता येत नाही. कुटुंबाची खरी गरज किंवा मिळकतीचे हित हवे. १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हा नियम बसवून दिला. एका अज्ञान वारसाच्या मिळकतीवर त्याच्या आईने काढलेल्या कर्जाचे ते प्रकरण होते. निकालाचा आशय असा : देणाऱ्याने गरजेची चौकशी केलीच पाहिजे, आणि त्याने ती प्रामाणिकपणे केली असेल, तर पुढे पैसा भलतीकडे खर्च झाला तरी त्याचे गहाण टिकेल. ज्याने विचारलेच नाही, त्याला मात्र उद्या मुलगा मोठा होऊन म्हणेल, 'बापाने चैनीसाठी काढले, माझा हिस्सा बांधलेला नाही.' तेव्हा 'कशासाठी' या प्रश्नाला सुमारे पावणेदोनशे वर्षांचे वय आहे. तो विचारणे हा देणाऱ्याचा आगाऊपणा नसून त्याचे कर्तव्य ठरलेले आहे, आणि त्यात घरातल्या लहानग्यांचेही रक्षण आहे.

वयाचा प्रश्न तसाच. कलकत्त्यास १८९५ साली धर्मदास घोष या तरुणाने ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे आपली घरे वीस हजार रुपयांच्या कर्जासाठी गहाण टाकली. तरुण तेव्हा अज्ञान होता, आणि सावकाराच्या वकिलाला तशी सूचना मिळालेली होती. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की अज्ञानाचा करार मुळातच पोकळ. गहाण रद्द, आणि दिलेले पैसेही सावकाराला परत मिळाले नाहीत. आजही जागेच्या मालकांत एखादा अज्ञान असेल तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याच्या पालकाला ती जागा गहाण ठेवता येत नाही. म्हणून 'मुले किती, वये काय' हे विचारतात. मुलांचे कौतुक करण्यासाठी नव्हे.

आणि बहिणी! येथे आमच्याकडील पुरुषमंडळी चुळबुळतात. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून मानलेला आहे. फक्त राहत्या घराच्या बाबतीत भावांनी वाटणी मागेपर्यंत बहिणीला ती मागता येत नसे. ती अडचणही २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकली. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्माने हिस्सेदार झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ साली वडील हयात असण्याची अटही नाही. आता सातबारावर किंवा सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर वडिलांचेच नाव आहे, किंवा वारसनोंद करताना 'भाऊ' तेवढे लागले आणि सासरी गेलेल्या बहिणी राहून गेल्या, अशी प्रकरणे धुळे-जळगावच्या प्रत्येक गल्लीत सापडतील. बँकेने त्या बहिणीला न विचारता सगळे घर गहाण घेतले, तर तिच्या वाट्यापुरते ते गहाण हवेत राहते. आमच्या मित्राच्या घरात बहिणीची आठवण सहा वर्षांत प्रथम काढली ती बँकेने, ही गोष्ट आम्ही त्यांना बोलून दाखवली. त्यांना ती आवडली नाही.

'घरात कोण राहते' याचे उत्तर २००२ च्या सरफेसी कायद्यात आहे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग साठ दिवसांची नोटीस देऊन बँक दिवाणी दावा न लावता तारणाचा ताबा घेऊ शकते, जिल्हाधिकाऱ्यांची मदत मागू शकते. पण आत जुना भाडेकरू असेल तर त्याचे हक्क बँकेच्या आधीचे. शेतजमीन तर या कायद्यातून वगळलेलीच आहे. म्हणून जागा बिगरशेती आहे का, लेआऊट मंजूर आहे का, की शेताचा तुकडा नोटरीच्या कागदावर घेतला आहे, हे खोदून खोदून विचारले जाते. शहराकडेच्या नव्या वस्त्यांत पुष्कळांचे अर्ज पगारावर नव्हे, याच प्रश्नावर अडतात.

आता घराच्या कागदांवरून घरच्या खर्चाकडे येऊ. येथे थोडे अंकगणित केल्यावाचून गत्यंतर नाही. वीस लाख रुपये, नऊ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत : महिना हप्ता सुमारे १८,००० रुपये. वीस वर्षांत एकूण भरणा ४३ लाखांच्या वर जातो. मुद्दलाहून व्याज अधिक! जुना माणूस दामदुपटीचा नियम आठवून चपापेल. पण तो नियम एका वेळी वसूल करायच्या व्याजापुरता होता, वर्षानुवर्षे भरत आलेल्या व्याजाला तो कधीच लागू नव्हता. आता आमचे मित्र ४३ वर्षांचे; निवृत्ती ५८ व्या वर्षी. हाताशी पंधराच वर्षे. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २०,३०० होतो. वयाच्या एका प्रश्नाने महिन्याला दोन हजारांवर फरक पडला. पगार हातात ५०,००० येतो असे धरा. मोटारसायकलचा हप्ता ४,०००, पतसंस्थेचा ५,०००, म्हणजे गेले २९,०००. उरलेल्या २१,००० मध्ये आई, दोन मुले आणि नवरा-बायको यांनी जगायचे. आईची औषधे महिन्याला तीन हजारांची आणि थोरला यंदा बारावीत. आता सांगा, 'मुले कितवीत' हा प्रश्न आगाऊ आहे काय? पुढच्याच वर्षी कॉलेजची फी येणार आहे, हे बँकेला त्या एका उत्तरात कळते. घरमालकाला ते आधीच कळायला हवे, पण बांधकामाचा नकाशा हाती आला की माणसाला फीचा विसर पडतो.

पगारदाराचे हे सोपे. रावेर-यावलच्या केळीवाल्याचे पहा. पीक हाती यायला वर्षभर किंवा अधिक. मे-जूनच्या वादळाने एका रात्रीत उभी बाग आडवी होते. त्याचे वर्षाचे उत्पन्न शिक्षकापेक्षा जास्त असेलही, पण ते महिन्याच्या पाच तारखेला येत नाही. त्याला 'पैसे केव्हा येतात' हे विचारून हप्ता पिकाशी जुळवून देणारा अधिकारी शहाणा. न विचारता मासिक हप्ता बांधून देणारा अधिकारी त्याला चौथ्या महिन्यात थकबाकीदार करून ठेवतो. खोदून विचारण्याने कर्ज मिळते, असेही होते, हे लोक विसरतात.

पदरचे पैसे कोठून आणणार, हाही एक खटकणारा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी, त्यावर पंचाहत्तर. बाकीचे तुमचे. ते साठवलेले असतील तर उत्तम; सोने मोडून उभे केले तरी हरकत नाही. पण मेहुण्याकडून हातउसने आणले असतील तर ते दुसरे कर्ज झाले, आणि मेहुण्याचा हप्ता कोणत्याही कागदावर दिसत नसला तरी दिवाळीला तो दारात उभा राहतो. कागदावरची कर्जे लपवण्यात तर आता अर्थच नाही. सिबिलसारख्या चार संस्थांकडे २००५ च्या कायद्याखाली सगळ्या बँकांची माहिती जाते. ३०० ते ९०० मधला आकडा अधिकाऱ्याच्या पडद्यावर तुमच्या आधी पोचलेला असतो. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. तो अर्जाआधी स्वतः पाहावा, कारण दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढल्याचीही उदाहरणे होतात.

इतके विचारून बँक कोणाचे पैसे सांभाळते? जळगाव जिल्ह्यातील श्रोत्यांना हे सांगायला नको. या शतकाच्या पहिल्या दीड दशकात तेथील पतसंस्था एकामागून एक अडचणीत आल्या. निवृत्त शिक्षक, रेल्वेचे कामगार, विधवा बाया यांच्या ठेवी अडकल्या. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे लग्न होऊन गेले तरी मिळाले नाहीत. कर्जवाटपात ओळख पुरेशी धरली, 'आपलाच माणूस आहे, त्याला काय विचारायचे' असे म्हणत तारण नीट पाहिले नाही, अशी त्या काळातली तक्रार होती. संकोचाने न विचारलेल्या प्रश्नांची किंमत ठेवीदाराने मोजली. त्यांतले काही आज आमच्यासमोर बसलेले असतील.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हे महाशय बँकांचे वकीलपत्र घेऊन आले आहेत. तसे नाही. विचारणाऱ्याच्या हाती सत्ता असते आणि ती घसरते. अमेरिकेत १९७० च्या आसपासपर्यंत घरासाठी कर्ज मागणाऱ्या जोडप्यातील बायकोचा पगार जमेस धरण्याआधी तिला मूल होण्याचा संभव नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी मागणाऱ्या संस्था होत्या. १९७४ साली तेथे कायदा करून स्त्री-पुरुष आणि विवाहित-अविवाहित हा भेद कर्जाच्या दारातून हाकलला. दोन वर्षांनी वंश आणि धर्मही त्यात आले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत लिंग, जात आणि धर्म यांवरून भेद करू नये असे स्पष्ट आहे. अर्जात जात-धर्माचा रकाना दिसतो तो दुर्बल घटकांना आणि अल्पसंख्यांकांना किती कर्जे दिली याचा हिशेब बँकांना द्यावा लागतो म्हणून. त्या रकान्यावरून कर्ज नाकारता येत नाही. नाकारले तर मुख्य कारण लेखी मागावे. ते देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आजाराचा प्रश्न आम्ही मुद्दाम वेगळा काढतो. तो बहुधा बँकेचा नसून कर्जाबरोबर पुढे सरकवलेल्या विम्याच्या कागदावरचा असतो. हा विमा घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा. घेतलात तर मधुमेह लपवू नका. पहिल्या तीन वर्षांत खोटे उघड झाले तर कंपनी दावा फेटाळू शकते, आणि मग हप्ता विधवेच्या पदरात पडतो.

दुसरी आमची तक्रार विचारण्याच्या रीतीबद्दल आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत आमचाच अर्ज भरला जात होता. कारकून मोठ्या आवाजात एकेक रकाना वाचत होता आणि मागच्या बाकावरची नऊ-दहा माणसे आमचा पगार, आमची देणी आणि आमच्या पत्नीचे दागिने किती तोळे हे मन लावून ऐकत होती. आठवड्यात दोन विमा-एजंटांचे फोन आले. त्यांना कर्जाची रक्कम ठाऊक होती. इंग्लंडात टूर्निये नावाच्या खातेदाराच्या बँक-मॅनेजरने, हा पैजा लावतो असा आपला संशय त्याच्या मालकाच्या कानावर घातला. माणसाची नोकरी गेली, आणि अपील न्यायालयाने खातेदाराची गुप्तता पाळणे हे बँकेचे कर्तव्य ठरवले. आपल्याकडेही ओळख पटवण्यासाठी घेतलेली माहिती दुसरा माल खपवण्यासाठी वापरू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. तेव्हा सक्तीचे रकाने कोणते आणि ऐच्छिक कोणते, हे टेबलावर विचारण्यात संकोच नको. बंद खोलीत बसून भरतो, असे म्हणण्यातही नको.

राहिली आमच्या मित्राची हकिगत. अधिकाऱ्याने त्यांना दोन वाटा सांगितल्या : बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे, नाहीतर कर्जात सहकर्जदार म्हणून सही करावी. मित्रांनी अर्थातच पहिली वाट धरली आणि हक्कसोडीचा मसुदा तयार करून ठेवला. बहीण सुरतेला असते. आखाजीला माहेरी आली. झोके झाले, पुरणाचे जेवण झाले, आणि दुपारी कागद पुढे आला. तिने तो दोनदा वाचला. म्हणाली, "भाऊ, सही करते, पण या कागदावर नाही. हा कागद कायमचा आहे. कर्जाचा कागद आणा, त्यावर करते." मित्र काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्या आईने मात्र आतून चहा पाठवला.

दुसऱ्या आठवड्यात बहीणभाऊ बँकेत गेले. सहकर्जदार झाली म्हणजे भावाने हप्ता चुकवला तर तिच्याकडेही मागणी येईल आणि तिच्या नावावरही नोंद होईल, हे अधिकाऱ्याने तिला नीट समजावून सांगितले. तिने मान डोलावली. मग त्याने खणातून कोरा अर्ज काढला, पेन उघडले आणि विचारले, "ताई, तुमच्या घरी कमावणारे कोण कोण? आणि मुले कितवीत आहेत?"